डाव्या फटीतली चिठ्ठी

माझं नाव मार्था. जन्म इगतपुरीचा, रेल्वेच्या चाळीतला, वडील गँगमन होते, रुळावरून हातोडा घेऊन चालायचे, अन् तिथला पावसाळा म्हंजे काय सांगू तुम्हाला, चार महिने कपडा वाळत नाय, आई चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायची, मंग रविवारी मिस्सेला, म्हंजे चर्चच्या प्रार्थनेला, गेलं की सगळ्या चाळीच्या अंगाला धुराचा वास, त्यात चर्चमधल्या धुपाचा वास मिसळायचा, मला लहानपणी वाटायचं देवाचा वास असाच असतो. जुलैच्या शेवटाला संत मार्थेचा सण असतो, त्या दिवशी मी झाले, म्हणून वडलांनी मार्था ठेवलं. आता तुम्हाला ती गोष्ट माहीत नसंल तर सांगते, येशू दोघी बहिणींच्या घरी पाहुणा जातो, मार्था बिचारी चुलीपाशी राबते अन् तिची बहीण त्याच्या पायापाशी बसून ऐकत राहते, अन् मार्था म्हणली, प्रभू, हिला सांगा ना जरा मला हात लावायला, तर प्रभू उलट मार्थेलाच बोलला, की तुझ्या बहिणीनं चांगलं ते निवडलंय. ही गोष्ट चर्चमध्ये वाचली की मला आजपण राग येतो बघा. पायापाशी बसणारी चांगली, मंग तेरा माणसांचं जेवण कुणी करायचं होतं?

मी जळकी, पहिल्यापासून. लपवून काय करू, तुम्ही लिहायला बसलात तर खरंच लिहा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मला मावशीच्या पोरीचा जुना पांढरा फ्रॉक होता, पिवळा पडलेला, नीळ घालून घालून आईनं तो निळसर केला होता, अन् आमच्या रांगेत स्टेशनमास्तरची पोरगी होती तिला मुंबईवरून आणलेला, लेस लावलेला. मी रांगेत हात जोडून चालले होते अन् मनात म्हणत होते, देवा, हिची लेस फाटू दे. अन् फाटली. बाकाचा खिळा लागला अन् टर्रकन फाटली. त्या पोरीचं तोंड रडवेलं झालं अन् मला त्या दिवशी जो ताप भरला तो तीन दिवस उतरला नाय. आईला वाटलं पावसात भिजली. मला माहीत होतं कशाचा ताप हाय ते. तवापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की देव वाईट मागणं लगेच ऐकतो अन् चांगल्याला वेळ लावतो.

लग्न होऊन नाशिक रोडला आले. आमचे हे जोसेफ, सातपूरला कंपनीत फिटर, रंग सावळा, पण आवाज! आवाज म्हंजे, काय सांगू, चर्चमध्ये पहिलं वाचन नेहमी यांचं, माईक बंद पडला तरी मागच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू जायचं. बायबलातलं यशयाचं वाचन करायचे, सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा, तवा माझ्या अंगावर काटा यायचा, अन् शेजारची बाई वळून माझ्याकडं बघायची, हिचा नवरा म्हणून. ते मला लय आवडायचं. आयुष्यात दुसऱ्यानं हेवा करावा असं माझ्याजवळ तेवढं एकच होतं.

सासू लवकर गेली. रॉबर्टभाऊजी, म्हंजे यांचा धाकटा भाऊ, तवा आठवीत होता. त्याचा डबा, त्याच्या चड्ड्या, त्याचा गालगुंड, सगळं मी केलं. पुढं तो रिक्षा चालवायला लागला, मंग दारू, मंग चर्चला फक्त नाताळला अन् ईस्टरला, ते पण बाहेर आंब्याखाली उभा राहून. अन् अशा माणसाला बायको कोण मिळाली, तर स्टेला. श्रीरामपूरकडची, बी.एस्सी., इंग्लिश शाळेत गणिताची टीचर. गोरी, उंच, कधी आवाज चढवायची नाय. एकाच अंगणात आमची दोन घरं, मध्ये जास्वंदीचं झाड, त्यामुळं तिचं सगळं मला दिसायचं. तिनं दोन वर्षांत भाऊजीची दारू सोडवली, भांडण न करता. कशी सोडवली ते अजून मला माहीत नाय. तिचा पोरगा इंजिनीयर झाला. माझी एकच पोरगी, नर्सिंगला नंबर लागला नाय, पुण्याला दिली, तिथं ती पार्लरमध्ये जाते. स्टेलाचा केक फुगायचा, माझा बसायचा. तुम्ही हसू नका, एका घरातल्या दोघींना विचारा, केक म्हंजे काय असतो ते.

आता चर्चचं सांगते, म्हंजे पुढचं कळंल. चर्चची साफसफाई अन् वेदीचे कपडे माझ्याकडं, तीस वर्षं झाली. वेदीचे कपडे साध्या कपड्यासारखे धुवायचे नसतात. ज्या रुमालानं फादर चषक पुसतात, तो आधी नुसत्या पाण्यात घोळायचा अन् ते पहिलं पाणी मोरीत नाय ओतायचं, मातीत ओतायचं, झाडाच्या बुंध्याशी, कारण चषकातला द्राक्षारस म्हंजे ख्रिस्ताचं रक्त, त्याचा थेंब त्यात असू शकतो. आमच्या जास्वंदीला तेच पाणी. मंग साबण, मंग खळ, मंग कडक इस्त्री, तीन घड्या अशा, तीन घड्या अशा. अन् दुसरं काम बुधवारचं. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडं आईची नोव्हेना, म्हंजे मागण्यांची प्रार्थना असते, आई म्हंजे पवित्र मरिया. दारापाशी लाकडी पेटी हाय, तिला दोन फटी. डाव्या फटीत मागण्याची चिठ्ठी टाकायची, उजव्या फटीत उपकाराची, म्हंजे मागितलेलं मिळालं त्याचे आभार. पेटीची चावी माझ्याकडं. उजवीकडच्या चिठ्ठ्या मी वाचणाऱ्याला नेऊन द्यायच्या, त्या माईकवर वाचतात, नाव न घेता, एका भक्ताच्या मुलाला नोकरी लागली, असं. डावीकडच्या कुणी उघडायच्या नायत. त्या पांढऱ्या कपड्यात बांधून वेदीवर ठेवायच्या अन् महिन्याच्या शेवटच्या बुधवारी फादर त्या चर्चच्या मागं लोखंडी घमेल्यात धूप घालून जाळतात. आईनं मला इगतपुरीला असल्यापासून शिकवलेलं, धूर वर गेला की मागणं पोचलं. धूर वाकडा गेला की उशीर.

नाव घेत नायत हे बरोबर, पण सगळ्यांना कळतं. स्टेलाच्या चिठ्ठ्या चौकटीच्या कागदावर असायच्या, गणिताच्या वहीचं पान, चार घड्या, कड नखानं दाबलेली. उजव्या फटीत. वर्षातून दोनदा तीनदा तरी. डाव्या फटीत कधीच नाय, हिला न मागताच मिळायचं. मीच त्या उचलून वाचणाऱ्याच्या हातात द्यायच्या. मनात म्हणायचे, आई, तुझ्याकडं काय हिचं खातं हाय का काय वेगळं?

आठ वर्षं झाली, आमच्या यांना लकवा मारला. सकाळी दाढी करत होते, ब्रश खाली पडला, मी म्हणले काय झालं, तर तोंड वाकडं. दवाखान्यात सव्वा महिना. उजवा हात गेला, पाय थोडा परत आला, अन् आवाज गेला. म्हंजे पूर्ण नाय गेला, ते सांगते. एक शब्द राहिला. बरं. डॉक्टर म्हणले असं होतं, बाकी सगळं पुसलं जातं अन् एखादा शब्द शिल्लक राहतो. चहा घेता का? बरं. नको का? बरं. झोपायचं का, उठायचं का, पाऊस येतोय, पोरीचा फोन आलाय, सगळ्याला बरं. पाद्री आले, नमो मरिया म्हणू या का म्हणले, तर हे बरं, अन् पुढं आम्ही म्हणत होतो तर हे नुसते ओठ हलवत होते, डोळ्यांतून पाणी. ज्या माणसाचा आवाज मागच्या बाकावर जायचा तो माणूस. पहिलं वाचन मंग बँकेतले एक साहेब करायला लागले. ते वाचतात तवा मी डोकं खाली घालते.

मी चिठ्ठी टाकायला लागले. दर बुधवारी डाव्या फटीत. मला सातवीपर्यंत लिहायला येतं, मोठं काय लिहीत नव्हते, एकच ओळ, आई, यांना बोलू दे. चावी माझ्याकडं, मीच टाकायची, मीच काढायची, मीच कपड्यात बांधायची. दर महिन्याला घमेल्याच्या बाजूला उभं राहून धूर कुठं जातो ते बघायचे. वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. माझी मोठी बहीण मनमाडला, ती आता दुसऱ्या प्रार्थनासभेला जाते, ती म्हणली, मार्था, आमच्याकडं ये, हात ठेवला की लोक उठून चालतात, तुमच्या मूर्त्या अन् मेणबत्त्या सोड. मी एकदा गेले पण. खोटं कशाला बोलू. यांना व्हीलचेअरवर घेऊन गेले, लोक चांगले होते, चहा दिला, डोक्यावर हात ठेवला, बोल म्हणले, तर हे म्हणले बरं. सगळे टाळ्या वाजवायला लागले की बोलला बोलला! मला हसू का रडू कळेना. परत येताना बसमध्ये मी ठरवलं, आपलं भांडण हाय ते आपल्या घरात हाय. आईवर रागवायचं तर तिच्यासमोर उभं राहून रागवायचं, दुसऱ्याच्या दारात जाऊन नाय. दुसऱ्या दिवशी वेदीचे कपडे धुवायला परत हजर.

लोक म्हणायचे, मार्थाबाईची श्रद्धा बघा, एक बुधवार चुकवला नाय. श्रद्धा होती का हट्ट होता, मलाच माहीत नाय.

मंग दोन वर्षांमागं डिसेंबरात, नाताळची साफसफाई चालली होती, तवा रॉबर्टभाऊजीला लकवा मारला. तोच, उजवी बाजू अन् तोंड. मी धावत गेले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अन् खरं सांगते, तवा मी रडले ते मनापासून, आठवीतल्या पोराला घेतलं होतं ते आठवून. पण चार दिवसांनी दवाखान्यातून घरी येताना रिक्षात माझ्या मनात एक विचार आला, तो मी तवा कुणाला सांगितला नाय, आता तुम्हाला सांगते. मनात आलं, आता कळंल स्टेलाला. बस. एवढंच. आता कळंल.

पहिल्या बुधवारी पेटी उघडली, डावीकडं चौकटीचा कागद. चार घड्या. मी तो हातात घेतला. वाचायचा नसतो, तीस वर्षांत कधी दुसऱ्याची चिठ्ठी उघडली नव्हती, पण एक घडी उघडली. आई, रॉबर्टला वाचा दे. एवढी पहिली ओळ दिसली अन् मी मिटली. मी म्हणले, ही आज आली, पहिल्यांदा डाव्या फटीत आली, अन् हिचं आई लगेच ऐकणार, पुढच्या महिन्यात उजव्या फटीत चौकटीचा कागद असणार, अन् मी तो उचलून वाचणाऱ्याच्या हातात देणार. आंब्याखाली उभं राहणाऱ्याला वाचा येणार अन् यशया वाचणारा मुका राहणार. बाकीच्या चिठ्ठ्या कपड्यात बांधल्या, वेदीवर ठेवल्या. ही एक पदरात. घरी आल्यावर खळीच्या डब्यात टाकली, तळाला, वरनं खळीची पुडी. शेवटच्या बुधवारी सगळ्यांच्या चिठ्ठ्या जळल्या, धूर सरळ वर गेला, लय सुंदर धूर होता त्या दिवशी, अन् स्टेला माझ्याजवळ उभी राहून तो धूर बघत होती, हात जोडून. तिनं माझा हात पण धरला.

अन् मी काय विचार केला असंल? मला वाटलं आता नाय पोचत. आता बघू.

फेब्रुवारीतला रविवार. आमच्याकडं सलूनवाला घरी येतो, दोघा भावांचे केस अंगणातच कापतो, एकच खुर्ची. आधी यांचे झाले. हे गुपचूप बसले, बरं बरं करत. मंग भाऊजीला बसवलं. मी झाडू घेऊन यांचे केस गोळा करत होते, पांढरे झालेत सगळे, अन् सलूनवाला बोलत बोलत कात्री चालवत होता, तर एकदम भाऊजी ओरडला, अरे कान! कान कापतोस काय माझा!

असा स्पष्ट. कात्री थांबली. स्टेला आतून आली, हातात खडू होता का चमचा होता, ते पडलं, अन् ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली, परत बोल म्हणली, परत बोल, तर तो म्हणला, काय बोलू, कान बघ ना माझा. सगळी हसायला लागली, सलूनवाला रडायला लागला, शेजारी आले. अन् आमचे हे व्हीलचेअरवरनं म्हणले, बरं. सगळ्यात आनंदानं हेच म्हणले. मी झाडूच मारत होते. तोच एवढासा केसांचा ढीग, तो इकडून तिकडं लोटत होते.

चिठ्ठी माझ्या खळीच्या डब्यात होती अन् भाऊजी अंगणात बोलत होता. लक्षात येतंय का तुमच्या? वेदीवर गेली नाय, जळली नाय, धूर झाला नाय, अन् तिचं ऐकलं. अन् माझ्या पाच-सहा वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या रीतसर जळल्या. माझी अशी आग झाली अंगाची. मला वाटलं, आई, तुझा माझ्यावर राग हाय हे मला आधी सांगायचं ना.

बुधवारी उजव्या फटीत चौकटीचा कागद. मीच उचलला, मीच दिला. एका भक्ताच्या पतीला वाचा परत मिळाली. सगळे वळून स्टेलाकडं बघायला लागले. त्या दिवसापासून मी ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत गेले नाय. पाप पोटात घेऊन तो घ्यायचा नसतो, तेवढं मी पाळते. चार रविवार बाकावर बसून राहिले, अन् लोक गुडघे वाकडे करून माझ्यापुढनं जायचे. स्टेला म्हणली, ताई, तुम्ही गेला नाय? मी म्हणले पोटात दुखतंय. ती म्हणली, ओवा देऊ का? बघा.

मंग ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला अन् मी कन्फेशनला गेले. आमचे फादर वसईकडचे, तरुण, माझ्या पोरीच्या वयाचे. जाळीच्या अलीकडं गुडघे टेकले अन् सगळं सांगितलं, लेसच्या फ्रॉकपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणले, मार्थाबाई, चिठ्ठी काय टपाल आहे का, की पोस्टमननं दडवली म्हणजे पोचत नाही? मी म्हणले, ते आता कळलं मला. ते म्हणले, मग कळल्यावर काय वाटलं? मी म्हणले, राग आला. ते हसल्यासारखं वाटलं. मला वाटलं प्रायश्चित्त म्हणून दहा जपमाळा देतील, मी वीस करायला तयार होते. तर म्हणले, ती चिठ्ठी जिची आहे तिला स्वतःच्या हातानं परत द्या, आणि खरं सांगा. मी म्हणले फादर, जपमाळा द्या ना. ते म्हणले, नाही.

तीन आठवडे लागले मला. रोज खळीचा डबा काढायचे अन् ठेवायचे. शेवटी एका दुपारी गेले. स्टेला पेपर तपासत होती, लाल पेन होतं हातात, भाऊजी आत झोपलेला. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, खळीनं कडक झाली होती, अन् उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आता कळंल म्हणले होते ते पण सांगितलं. तिचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. म्हणली, तुम्ही रॉबर्टला शाळेचा डबा भरून दिलाय ताई, तुम्ही? मी म्हणले हो. मंग तिनं चिठ्ठी उघडली, अख्खी, अन् पाठीमागची बाजू माझ्यापुढं केली. हे वाचलं नव्हतं का? म्हणली. मी म्हणले, एकच ओळ बघितली होती. ती म्हणली, वाचा.

बारीक अक्षर होतं, चौकटीत बसवलेलं. आई, मोठे भाऊजी पुन्हा वेदीपाशी उभे राहून वाचन करोत. माझी जाऊ सहा वर्षं एकटी वाट बघते आहे. दोघांतलं एकच द्यायचं असेल तर आधी तिला दे.

मी खाली बसले. स्टेला म्हणली, माझी स्तुती करू नका, ते लिहिताना मला मनापासून तसं वाटत नव्हतं, मला रॉबर्टच पाहिजे होता, पण फक्त आपलंच लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलं. अन् मंग म्हणली, आता जा ताई. तुमचं तोंड मला आत्ता बघवत नाही. मी आले. नऊ दिवस तिनं आमच्या दाराकडं बघितलं नाय, अन् ते बरोबरच होतं. दहाव्या दिवशी बुधवार होता, नोव्हेनेला मी मागच्या बाकावर बसले होते, ती आली अन् माझ्या शेजारी बसली. गाण्याचं पुस्तक मध्ये धरलं, दोघींना दिसंल असं.

आता तुम्ही म्हणाल, मार्थाबाई सुधारली. कुठची! मला तिच्या त्या पाठीमागच्या बाजूचा पण हेवा वाटला. लाजेनं का होईना, तिनं लिहिलं. सहा वर्षांत माझ्या चिठ्ठीत दुसऱ्या कुणाचं नाव आलं नव्हतं, भाऊजीला लकवा मारला तरी नाय. भाऊजी आता चर्चमध्ये आत बसतो, गातो पण, बेसूर. तो गायला लागला की मी अजून यांच्या तोंडाकडं बघते अन् जळते. मी ते कन्फेशनमध्ये सांगते, फादर म्हणतात, परत तेच? मी म्हणते, परत तेच.

पण एक गोष्ट त्या चिठ्ठीनं मला दिली, ती सांगते अन् संपवते. इतकी वर्षं मला एकच भीती होती, की माझं वर पोचतच नाय. मी बोलते अन् वर कुणी नाय. आता बघा, ती चिठ्ठी खळीच्या डब्यात होती तरी देवानं पहिली बाजू ऐकली. मंग पाठीमागची पण ऐकलीच असंल ना? एकाच कागदाची बाजू. ऐकली, अन् दिलं नाय. का दिलं नाय ते मला माहीत नाय, अन् आता पेटीत विचारत पण नाय. पण ऐकलंय. ज्यानं ऐकलंय त्याच्याशी भांडता येतं, त्याच्याकडं राहता येतं. एकट्या भिंतीशी राहता येत नाय.

मी अजून दर बुधवारी डाव्या फटीत टाकते. आता दोन ओळी असतात, एक यांची, एक दुसऱ्या कुणाची, ज्याचा मला त्या आठवड्यात जास्त हेवा वाटला असंल त्याची. लय कठीण जातं. पेन झिजत नाय, पण दात झिजतात.

अन् यांना मी सांगितलं. ईस्टरच्या सकाळी, पांढरा शर्ट घालत होते यांना, उजवा हात आधी बाहीत घालावा लागतो. बटणं लावता लावता सगळं सांगितलं, की तुमच्या नावाची पण चिठ्ठी होती त्यात अन् ती मी दडवली, खळीच्या डब्यात. हे माझ्याकडं बघत होते. मी म्हणले, माफ कराल का मला?

बरं, म्हणले.

सगळ्यालाच बरं म्हणतात, मला काय माहीत नाय का. पण मी ते घेतलं, अन् वरचं बटण लावलं, अन् खुर्ची लोटत मिस्सेला गेले, अन् रांगेत उभी राहिले.